मंडळाचा पोरगा पडला तर खर्च कुणाचा? गावातल्या स्वयंसेवकांच्या विम्याची माहिती

नांदूरघाट (ता. केज) : गणपतीत मांडवाच्या बल्ल्या उभ्या करणारी, सप्ताहात पेटत्या चुलवणापुढं रात्र काढणारी, दिंडीत पाण्याच्या टँकरवर चढणारी पोरं ही गावाची हक्काची माणसं. त्यांना ना पगार, ना भत्ता. यातला एखादा पडला, भाजला, बुडाला तर पुढं काय, हा विषय मंडळाच्या बैठकीत सहसा निघत नाही. निघालाच तर 'देवाचं काम आहे, देव बघील' इथं थांबतो. प्रत्यक्ष घटना घडली की मग वर्गणी गोळा होते, दवाखान्याचं अर्धंमुर्धं बिल भरलं जातं आणि महिन्याभरानं घरचे एकटे उरतात.

मंडळ, भजनी मंडळ, सप्ताह समिती, युवक संघ, रक्तदान करणारा गट, श्रमदानाची टोळी अशा सगळ्यांना लागू पडेल अशी विम्याची माहिती इथं देत आहोत. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. या विम्यात पैशाची अडचण फार मोठी नाही. अडचण आहे ती नावांच्या यादीची आणि कागदाची.

मुंबईची मंडळं काय करतात

मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाचा गणपती दरवर्षी विम्याच्या आकड्यामुळं बातमीत येतो. २०२२ साली हा विमा ३१६.४० कोटींचा होता, २०२५ साली तो ४७४.४६ कोटींवर गेला. बातम्यांत फोटो सोन्यानं सजवलेल्या मूर्तीचा असतो, त्यामुळं वाचणाऱ्याला वाटतं की विमा सोन्याचाच. प्रत्यक्षात २०२५ च्या रकमेतले ६७ कोटी सोन्या-चांदीचे होते आणि ३७५ कोटी होते माणसांच्या अपघात विम्याचे. स्वयंसेवक, पुजारी, आचारी, चपलांच्या स्टँडवरची माणसं, पार्किंगवाले, सुरक्षारक्षक हे सगळे त्यात धरलेले. म्हणजे पाच भागांतले जवळपास चार भाग माणसांचे. आपल्याकडं मंडळाजवळ सोनं नसतं म्हणून विम्याचा विचार होत नाही, पण माणसं तर आपल्याकडंही आहेत.

आपल्या मापाचं उदाहरण गोविंदांचं आहे. दहीहंडीत थर लावणाऱ्या गोविंदांचा विमा राज्य शासनानं २०२३ पासून स्वतः काढायला सुरुवात केली. पहिल्या वर्षी ५० हजार गोविंदा होते, माणशी हप्ता ७५ रुपये, म्हणजे एकूण साडेसदतीस लाख. मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे अथवा दोन अवयव गेले तर १० लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर ५ लाख, उपचाराला १ लाखापर्यंत. २०२४ मध्ये ही संख्या ७५ हजार झाली आणि २०२५ मध्ये दीड लाख. ७५ रुपये हा आकडा लक्षात ठेवा. मोठ्या गटाला आणि ठरावीक मुदतीला विमा किती स्वस्त पडू शकतो, हे त्यावरून कळतं. चाळीस पोरांच्या मंडळाला तोच दर मिळणार नाही, जास्त पडेल. तरी तो डीजेच्या बिलाजवळपासही जाणार नाही.

गोविंदांच्या योजनेत पैसा शासनाचा असला तरी नावं पथकांनीच द्यावी लागतात. यादीत नाव नाही तर विमा नाही.

शासनाच्या यादीतले स्वयंसेवक

शासन स्वतः ज्यांना स्वयंसेवक म्हणतं त्यांच्यासाठी काही तरतुदी झाल्या आहेत. गावातली आशाताई कागदोपत्री 'स्वयंसेविका'च. आशा आणि गटप्रवर्तक यांना कामावर असताना अपघाती मृत्यू आला तर १० लाख आणि कायमचं अपंगत्व आलं तर ५ लाख, असा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं २०२४ मध्ये घेतला. कोरोनाच्या काळात केंद्रानं आरोग्य कर्मचाऱ्यांना ५० लाखांचं कवच दिलं होतं, त्यातही आशा आणि स्वयंसेवक धरले होते. आषाढी वारीतल्या वारकऱ्यांसाठी २०२३ मध्ये विमा छत्र योजना आली. वारीच्या ३० दिवसांत मृत्यू झाला तर ५ लाख आणि आजारपणाला ३५ हजारांपर्यंत अशी ती होती. पुढं ती विम्याऐवजी सानुग्रह अनुदानावर आली आणि २०२५ च्या वारीला मृत्यूसाठी ४ लाख अशी रक्कम होती. दिंडी काढणाऱ्यांनी त्यामुळं मागच्या वर्षीच्या आकड्यावर न जाता त्या वर्षीचा शासन निर्णय बघावा.

सप्ताहाला, गणपतीला, गावच्या श्रमदानाला मात्र शासनाचा असा वेगळा विमा नाही. नारळी सप्ताहासारख्या मोठ्या कार्यक्रमात हजारोंचा स्वयंपाक गावोगावची माणसं मिळून करतात. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची सुरुवात २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत झाली त्यात शेजारचं अंबाजोगाई होतं. तिथं माणसांनी एप्रिल-मेच्या उन्हात टिकाव-फावडं चालवलं. अशा कामाला जे काही करायचं ते आपलं आपणच.

पहिली पायरी : वीस रुपये

सगळ्यात आधी, पोरांच्या खात्यावर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का ते बघा. वर्षाला २० रुपये. जून २०२२ च्या आधी ते १२ होते. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख, एक हात, पाय किंवा डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख. खात्यातून पैसे आपोआप कटतात, आणि नेमकी तिथंच गोची होते.

विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असं चालतं. मेअखेरीला हप्ता कटतो त्या वेळी खात्यात वीस रुपये नसले तर विमा बंद पडतो आणि ज्याचा तो, त्याला पत्ताही नसतो. उन्हाळ्यात खात्यावर शिल्लक नसणं आपल्याकडं काही नवल नाही. बँकेत जाऊन अर्ज पुन्हा देता येतो. वर्षाच्या मधे भरला तरी हप्ता पूर्ण वीसच आणि मुदत संपते ३१ मेलाच. दोन बँकांत दोन वेळा कापून घेतले तरी दावा एकच मिळतो.

हा विमा मंडळाच्या नावावर निघत नाही, ज्याचा त्याच्या खात्यावर निघतो. पण मंडळानं एवढं करायला काय हरकत आहे? मांडव घालायच्या आधी एका बैठकीत सगळ्यांना पासबुकं आणायला सांगायची आणि वीस रुपयांची नोंद कटलेली आहे का ते बघायचं. चाळीस पोरांचे आठशे रुपये होतात. ज्याची नोंद नाही त्याला दुसऱ्या दिवशी बँकेत पाठवायचं.

अपघात विम्यात झटक्यानं, आजारानं आलेला मृत्यू बसत नाही. मिरवणुकीत नाचताना हार्टअटॅक आला तर वीस रुपयांच्या विम्यातून काही मिळणार नाही. त्यासाठी वर्षाला ४३६ रुपयांची जीवन ज्योती विमा योजना वेगळी आहे. तिच्यात १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं आणि कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी २ लाख मिळतात. नव्यानं नाव घातल्यावर पहिले ३० दिवस मात्र अपघात सोडून दुसऱ्या कारणाचा दावा चालत नाही.

मुंडे योजना शेतापुरती नाही

बीड जिल्ह्यात हे नाव सगळ्यांना माहीत, पण योजनेचे नियम थोड्यांनाच. गोपीनाथ मुंडे यांचा ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ता अपघातात मृत्यू झाला. त्यांच्या नावानं आधी शेतकऱ्यांचा अपघात विमा होता, कंपनीमार्फत. कंपन्या दावे लटकवतात, त्रुटी काढतात अशा तक्रारी वाढल्या. मग २०२३ मध्ये शासनानं कंपनी बाजूला केली आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आणली. म्हणजे आता हा विमा राहिलेला नाही, सरळ अनुदान आहे, आणि त्याला हप्ताही नाही.

सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला सातबारावर नाव नसलेला एक सदस्य यात येतो. वय १० ते ७५. मृत्यू झाला तर २ लाख, दोन अवयव गेले तरी २ लाख, एक गेला तर १ लाख. पाण्यात बुडणं, शॉक लागणं, वीज पडणं, उंचावरून पडणं, सर्पदंश, विंचूदंश, रस्त्यावरचा अपघात हे सगळं त्यात आहे.

पुष्कळांना वाटतं की अपघात शेतातच झाला पाहिजे. तसं काही नाही. मांडवाची माळ लावताना शॉक लागलेला शेतकऱ्याचा पोरगाही यात बसू शकतो. वय दहापासून असल्यानं अठराच्या खालची पोरंही येतात, आणि मंडळात तीच तर जास्त असतात. बँकेच्या वीस रुपयांत ती येत नाहीत.

अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं द्यायचा, म्हणजे आपल्यासाठी केजला. सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचा दाखला, पोलिसांचे कागद, शवविच्छेदन अहवाल लागतो. दारूच्या अंमलाखाली झालेला अपघात बसत नाही. त्याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या विभागाच्या योजनेतून मदत घेतली असेल तरीही इथं अर्ज बसत नाही, म्हणून आधी कुठं अर्ज करायचा ते ठरवून करा. बँकेचा २ लाखांचा विमा आणि मंडळानं काढलेली पॉलिसी या दोन्हींचे पैसे मात्र वेगवेगळे मिळतात. एकाचे मिळाले म्हणून दुसऱ्याचे अडत नाहीत.

मंडळाच्या नावावर पॉलिसी

विमा कंपनीकडं गेलात तर 'गट व्यक्तिगत अपघात विमा' असं नाव घेऊन विचारा. न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल आणि युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्या तो देतात, खासगी कंपन्याही देतात. पोस्टाच्या बँकेतही अपघात विम्याच्या योजना मिळतात, पण त्या एकेकट्याच्या खात्यावर.

कंपनी पहिलं विचारते की तुम्ही कोण. विम्यासाठीच चार माणसं गोळा करून केलेला गट चालत नाही, गट आधीपासून दुसऱ्या कामासाठी अस्तित्वात असावा लागतो. नोंदणीकृत संस्था असेल तर सोपं जातं. नोंदणी नसेल तर निदान लेटरहेड, बैठकीचा ठराव, मंडळाचं बँक खातं आणि वर्गणी गोळा करायची परवानगी असावी. ही परवानगी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१-क खाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून घ्यायची असते. बरीच मंडळं ती घेत नाहीत. वर्गणीच्या पावतीला ती लागते आणि विम्याच्या वेळी आपण खरे आहोत हे दाखवायलाही उपयोगी पडते.

पॉलिसी घेताना एजंटला उलटं विचारायचे काही प्रश्न आहेत. मुदत कधीपासून? मांडव उभा करायच्या दिवसापासून हवी आणि उतरवायच्या दिवसापर्यंत हवी. पडझड होते ती चढवताना आणि उतरवतानाच. मधल्या दहा दिवसांत तर पोरं पत्ते खेळत बसलेली असतात. मिरवणूक आणि विसर्जनाची जागा धरली आहे का? दवाखान्याचा खर्च आहे का, की फक्त मृत्यू आणि अपंगत्व? गावात मृत्यूपेक्षा हात मोडणं, भाजणं हेच जास्त घडतं, आणि खर्चाचं कलम नसलेली पॉलिसी त्या वेळी काही कामाची नाही. अठराखालची पोरं यादीत चालतात का? वारसाचं नाव प्रत्येकापुढं लिहिलं आहे का?

यादी आधारवरच्या नावाप्रमाणं करा. गावात ज्याला सगळे पिंट्या म्हणतात त्याचं कागदावरचं नाव अध्यक्षालाही माहीत नसतं आणि दाव्याच्या वेळी पिंट्या नावाचा माणूस कंपनीला सापडत नाही. शेवटच्या दिवशी पुण्याहून, कारखान्यावरून गावी आलेली पोरं यादीत नसतात, ती राहूनच जातात. त्यांची नावं नंतर वाढवून घेता येतात का, हेही आधीच विचारून ठेवा.

दवाखान्याच्या खर्चासाठी आणखी एक आधार आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आपल्या भागाला जवळचं मोठं सरकारी ठिकाण. रेशनकार्ड आणि आधार घरच्यांनी सोबत ठेवलं तर पहिल्या दिवसाची धावपळ वाचते.

ट्रॉलीत बसलेल्यांना कुणी नाही

हे थोडं कडू आहे, पण सांगायलाच हवं. मूर्ती आणायला, विसर्जनाला, दिंडीला, श्रमदानाला आपण जातो ते ट्रॅक्टर-ट्रॉलीतून. ट्रॅक्टरचा विमा असला की आतल्या सगळ्यांचा विमा झाला, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी असतो आणि ट्रॉली ही माणसं बसवायची जागा धरली जात नाही. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली आशा राणी प्रकरणात स्पष्ट केलं. २००७ साली ब्रिज मोहन प्रकरण खास ट्रॅक्टर-ट्रॉलीचंच होतं. शेतीसाठी विमा असलेला ट्रॅक्टर वीटभट्टीच्या मातीसाठी वापरला आणि त्यावरचा मजूर जखमी झाला. कायद्यानं कंपनी बांधील नाही, असंच न्यायालयानं धरलं. त्या गरीब मजुरासाठी न्यायालयानं आपला विशेष अधिकार वापरून कंपनीला आधी पैसे द्यायला आणि नंतर मालकाकडून वसूल करायला सांगितलं. म्हणजे शेवटी भार मालकावरच. ज्यानं श्रद्धेनं ट्रॅक्टर दिला, डिझेलही स्वतःचं टाकलं, त्याच्याच जमिनीवर बोजा चढू शकतो.

ऊसतोडीला ट्रॉलीतून जाणारा आपला जिल्हा आहे, त्यामुळं ट्रॉलीत माणसं बसणं कुणाला विशेष वाटत नाही. माणसांसाठी जीप किंवा प्रवासी गाडी आणि मूर्तीसाठी ट्रॅक्टर एवढं वेगळं करता आलं तरी पुष्कळ. ते होत नसेल तर यादीवरचा व्यक्तिगत अपघात विमा हाच उपयोगी पडतो, तो माणसावर असतो, गाडीवर नाही. त्यातही चालकाकडं लायसन आहे का, तो प्यालेला नाही ना, हे कंपनी बघणारच.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक गोष्ट. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा घेता येतो. तो मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन असेल तरच लागू होतो. मंडळाच्या कामाला मित्राची गाडी घेऊन गेलेल्या पोराला तो मिळत नाही.

बाहेरच्या माणसाला लागलं तर

मांडव कोसळून दर्शनाला आलेल्या बाईला लागलं, भंडाऱ्यातल्या जेवणानं लोकांना बाधा झाली, तर भरपाई मागितली जाते ती मंडळाकडं. नोंदणी नसलेलं मंडळ कायद्याच्या नजरेत वेगळी व्यक्ती नसतं, मग नोटीस अध्यक्ष, सचिव आणि खजिनदाराच्या नावानं निघते. यासाठी 'सार्वजनिक दायित्व विमा' असतो. तो अपघात विम्यापेक्षा वेगळा आहे, एकात दुसरा येत नाही. अन्नबाधा त्यात धरली आहे का ते लेखी बघावं.

विमा पैशापुरता. निष्काळजीपणानं मृत्यू झाल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली दाखल होतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि ती कुठलीही कंपनी भोगत नाही. आकडा टाकून घेतलेली वीज हे त्याचं सोपं उदाहरण. महावितरण गणेश मंडळांना सवलतीच्या दरानं तात्पुरती जोडणी देतं, ती घ्यावी. बेकायदा जोडणीवर शॉक लागला तर दावाही अडचणीत येतो.

घटना घडल्यावरचे पहिले दोन दिवस

बहुतेक दावे इथं मरतात. सगळे कागद बरोबर असतात, विमाही चालू असतो, पण पहिल्या दोन दिवसांत असं काही केलं जातं की पुढं काही सिद्धच करता येत नाही.

पोरगा मांडवावरून पडतो. दवाखान्यात नेताना वाटेतच ठरतं की पोलिसांची भानगड नको, 'घरी जिन्यावरून पडला' सांगू. डॉक्टर तेच लिहितो. महिन्यानं मंडळ पॉलिसीचा दावा करतं तेव्हा कंपनी दवाखान्याचा कागद पुढं करते. तो घरी पडलेला, मंडळाच्या कामात नाही. मांडवावरून पडला, असं साक्षीदारांनी नंतर कितीही सांगितलं तरी पहिल्या कागदापुढं ते टिकत नाही. दवाखान्यात खरं सांगा आणि अपघाताची नोंद म्हणजे एमएलसी करायला लावा.

विसर्जनात बुडालेल्याचं आणखी अवघड. दुःखात घरचे म्हणतात, चिरफाड नको. गावही म्हणतं, देवाच्या कामात गेला, तसाच मार्गी लावू. शवविच्छेदन झालं नाही तर बँकेचे २ लाख, मुंडे योजनेचे २ लाख आणि मंडळाची पॉलिसी हे तिन्ही अडतात. त्या क्षणी हे बोलणं वाईट दिसतं हे खरं, पण मंडळातल्या एका जबाबदार, वयानं मोठ्या माणसानं ते घरच्यांजवळ बोललंच पाहिजे. बुडणं, रस्त्यावरचा अपघात, कुणाचा हात असल्याचा संशय, अशा ठिकाणी पोलिसांत नोंद लागतेच. साप चावणं, झाडावरून पडणं अशा घटनेत सुरक्षा विमा योजनेला लगेचचा दवाखान्याचा कागद चालतो. म्हणून सर्पदंशात आधी मांत्रिकाकडं नेलं तर माणूसही धोक्यात आणि कागदही.

पंचांसमोर सामोपचारानं मिटवलं, इतके रुपये दिले घेतले, असं लिहून घेतलेलं कंपनीसमोर काही कामाचं नाही. उलट त्यात 'आमची कुणाविरुद्ध तक्रार नाही, अपघात त्याच्याच चुकीनं झाला' असं वाक्य हमखास असतं, आणि तेच पुढं नडतं.

मग तारखा. बँकेला आणि कृषी कार्यालयाला ३० दिवस. कंपनीला लगेच, फोनवर कळवलं तरी नंतर लेखी द्या आणि पोच घ्या. दहावा-तेरावा होईपर्यंत कुणी कागदाला हात लावत नाही, तोवर निम्मी मुदत संपलेली असते. घरच्यांनी सुतकात कचेरीत जावं अशी अपेक्षा करू नका, हे काम मंडळानं एका पोरावर सोपवावं.

दावा नाकारला तर कंपनीकडून कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडं लेखी तक्रार करायची. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावर किंवा बीमा भरोसा पोर्टलवरही ती नोंदवता येते. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडं जाता येतं. आपल्या जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथं चालतात. मुंडे योजनेचा अर्ज फेटाळला तर मात्र लोकपालाचा संबंध येत नाही, कारण तो विमा नाही. तिथं तालुका कृषी अधिकाऱ्याकडून त्रुटी लेखी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडं दाद मागावी लागते.